पाय पसरून उडणारा घोडा

प्रश्न : मी जूचंद्रला राहतो आणि गावातल्या इतर अनेकांसारखाच रांगोळी काढतो. चोरबाजारातून एक जुनं इंग्रजी चित्र फ्रेमसकट घेतलं. चार घोड्यांची टपालगाडी, मागे लाल कोटातला माणूस लांबलचक कर्णा वाजवतोय आणि शेजारून एक घोडेस्वार भरधाव चाललाय, असं ते चित्र आहे. खाली ‘जे. पोलार्ड’ असं नाव आहे. वसई विजयोत्सवासाठी चिमाजी आप्पांच्या घोडदळाची रांगोळी काढायची आहे आणि घोडे याच चित्रावरून घ्यावेत असं मनात आहे. पण मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर घोडा एकदाही चित्रातल्यासारखा पाय पसरलेला दिसला नाही. एवढे घोडेवेडे इंग्रज, मग त्यांनी घोडा चुकीचा कसा काढला? आणखी एक. चित्र खरोखर जुनं आहे हे कसं ओळखायचं, आणि ते दुबईला बहिणीकडे भेट म्हणून पाठवता येईल का?
— एक वाचक, जूचंद्र (ता. वसई)

उत्तर : व्हिडिओ थांबवून पाहिलात ते फार चांगलं केलंत. तुमच्या निरीक्षणात काहीही चूक नाही. पुढचे दोन्ही पाय नाकाच्या पुढे ताणलेले, मागचे दोन्ही शेपटीच्या मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर आणि चारही खूर हवेत, अशा अवस्थेत धावता घोडा कधीच नसतो. उडी मारताना तो थोडाफार तसा दिसेल, पण सपाट मैदानावर पळताना नाही.

मग तो पळतो कसा? भरधाव घोड्याचे चार खूर एकामागून एक टेकतात. समजा आधी मागचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा डावा आणि शेवटी पुढचा उजवा. हा शेवटचा खूर जमीन सोडतो तेव्हा क्षणभर घोडा पूर्ण हवेत असतो, पण त्या क्षणी त्याचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे जुन्या चित्रकारांना घोडा हवेत असतो हे बरोबर उमगलं होतं. हवेत असताना पाय कुठे असतात, तिथे गफलत झाली.

चित्रातल्यासारखं पाय पसरून खरोखर उडणारे प्राणी आहेत, पण ते वेगळे. चित्ता, ग्रेहाउंड किंवा आपल्याकडचा कारवानी कुत्रा पूर्ण वेगात असतो तेव्हा तो एका झेपेत दोनदा हवेत जातो. एकदा पाय गोळा करून आणि एकदा पाय ताणून. त्यांचा पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, म्हणून हे जमतं. घोड्याची पाठ त्या मानाने ताठ असते आणि तिच्याखाली गवत पचवणारं भलंमोठं पोट असतं. त्याला पाय गोळा करून एकदाच हवेत जाणं परवडतं.

आता तुमचा खरा प्रश्न : इंग्रजांना हे कळलं कसं नाही? त्यांना घोडा नीट माहीतच नव्हता, असा समज करून घेऊ नका. जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी एका घरात सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलून त्यांचे स्नायू, शिरा आणि हाडं रेखाटली. ताम्रपटावर ही चित्रं कोरायला कारागीर तयार होईनात, तेव्हा ती त्याने स्वतःच कोरली आणि १७६६ साली ‘घोड्याची शरीररचना’ हा ग्रंथ काढला. त्याने रंगवलेला ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ खऱ्या मापाचं ते चित्र आहे, मागे ना झाड ना आभाळ, नुसता घोडा. घोड्याच्या शरीराची इतकी जाण त्या काळी फार थोड्यांना होती. तरीही याच स्टब्जने १७६५ साली न्यूमार्केटच्या मैदानावरच्या ‘गिमक्रॅक’चं चित्र काढलं, तेव्हा मागे दूरवर पळणाऱ्या शर्यतीत घोडे पाय पसरून उडतानाच दाखवले.

कारण असं, की सुरीने घोड्याची रचना कळते, चाल कळत नाही. शर्यतीचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो आणि एका सेकंदात दोनहून अधिक झेपा टाकतो. चार खुरांचं टेकणं, उचलणं आणि हवेतला क्षण हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. आपला डोळा इतक्या वेगात एकेक अवस्था सुटी करू शकत नाही. पाय पुढे पूर्ण ताणला जातो तिथे तो दिशा बदलतो, म्हणून किंचित रेंगाळतो. मागच्या टोकालाही तसंच. ही दोन टोकं तेवढी डोळ्यात राहतात. ती वेगवेगळ्या क्षणांची असली तरी मनात एकत्र होतात आणि हातून कागदावर एकाच घोड्याला चिकटतात.

ही खोड एकट्या इंग्रजांची नाही. प्राचीन ग्रीसमधल्या मायसीनी कलेत आणि चीनच्या हान काळातल्या शिल्पांत असे उडते घोडे आहेत, मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांतही आहेत. इंग्रजांनी शर्यतीची आणि शिकारीची चित्रं छापून घरोघरी लावली, त्यामुळे हा घोडा जगभर त्यांच्या नावावर रूढ झाला.

हा गुंता सुटला तो कॅमेऱ्यामुळे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेमालक लीलंड स्टॅनफर्ड यांनी एडवर्ड माइब्रिज या मूळच्या इंग्रज छायाचित्रकाराला कामाला लावलं. जून १८७८ मध्ये पालो आल्टो इथे माइब्रिजने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी पळत गेली तसा एकेक दोरा ओढला गेला आणि एकेक कॅमेऱ्याची झडप उघडून मिटली. या घोडीचं नाव सॅली गार्डनर. स्टॅनफर्डने यावर पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती, ही कथा तुम्ही कुठेतरी वाचाल. तिला पुरावा मिळालेला नाही, तेव्हा ती सोडून द्या. फोटो मात्र पक्के आहेत : घोडी हवेत आहे आणि तिचे पाय पोटाखाली आहेत.

यावर चित्रकारांत जी चर्चा झाली ती तुमच्या कामाची आहे. तेओदोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली एप्सम डर्बीचं चित्र काढलं होतं. त्यातले चारही घोडे तुमच्या चित्रातल्यासारखेच उडताहेत. फोटो आल्यावर लोक म्हणू लागले, जेरिको चुकला. शिल्पकार रोदँ यांचं म्हणणं उलट होतं. त्यांच्या मते जेरिकोच्या घोड्यात मागच्या पायांचा एक क्षण आणि पुढच्या पायांचा नंतरचा क्षण असे दोन क्षण आहेत. पाहणाऱ्याची नजर मागून पुढे सरकते आणि घोडा पळताना दिसतो. फोटोतला घोडा अचूक असतो, पण गोठलेला असतो. मला रोदँचं म्हणणं पुष्कळसं पटतं. पाय गोळा केलेला घोडा अचूक काढला तरी अनेकदा तो पळण्याऐवजी जागच्या जागी नाचल्यासारखा वाटतो, हे रांगोळी काढताना तुम्हालाही जाणवेल.

आता तुमच्या चित्राकडे वळू. जेम्स पोलार्ड (१७९२–१८६७) हा घोडागाड्यांच्या चित्रांसाठीच ओळखला जातो. त्याचे वडील रॉबर्ट पोलार्ड उत्कीर्णक आणि प्रकाशक होते. तुमच्या चित्रातली गाडी शाही टपालाची आहे की खासगी प्रवासी कंपनीची, हे रंगावरून कळेल. टपालगाडीचा खालचा भाग गडद लाल, वरचा काळा, चाकं लालभडक आणि दारावर राजचिन्ह असतं. खासगी गाडीवर गावांची नावं मोठ्या अक्षरांत असतात आणि टपावर प्रवाशांची दाटी असते. टपालगाडीच्या मागच्या बाजूला रखवालदार एकटाच बसे. त्याच्या पायाखालच्या पेटीत टपाल, जवळ बंदूक आणि पिस्तुलं, वेळ नोंदवायला सरकारी घड्याळ आणि हातात सुमारे तीन फुटांचा सरळ पत्र्याचा कर्णा. कर्णा हौसेचा नव्हता. टपालगाडीला पथकर माफ होता आणि नाक्यावर तिने थांबायचं नाही असा नियम होता. कर्णा दुरून ऐकू आला की नाकेदाराने फाटक उघडून ठेवायचं.

ही सेवा २ ऑगस्ट १७८४ रोजी सुरू झाली. जॉन पामर नावाच्या बाथच्या गृहस्थाने सरकारला पटवलं आणि ब्रिस्टलहून दुपारी चारला निघालेली पहिली टपालगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचली. पुढे रस्ते सुधारले, दर दहा मैलांच्या आसपास घोडे बदलण्याची सोय झाली आणि १८३०च्या दशकात गाड्या तासाला दहा मैलांपर्यंत, म्हणजे सोळा किलोमीटर, सरासरी गाठू लागल्या. हा आकडा लक्षात घ्या. ताशी सोळा ही घोड्याच्या दुडक्या चालीची गती आहे, भरधाव धावेची नाही. तेव्हा तुमच्या चित्रातले गाडीचे घोडे उधळल्यासारखे दिसत असतील, तर तिथे चित्रकाराने वेग वाढवून दाखवला आहे. खऱ्या टपालगाडीचे घोडे बहुतेक वाट दुडकतच कापत. दुडक्या चालीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने उचलले जातात. ही चाल डोळ्याला बऱ्यापैकी पकडता येते, म्हणून जुन्या चित्रांत ती सहसा बरोबर असते.

या गाड्यांचं राज्य फार टिकलं नाही. १८३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेने टपाल न्यायला सुरुवात केली आणि १८४६च्या जानेवारीत लंडनहून निघणारी शेवटची टपालगाडी बंद झाली. पोलार्डने त्या अखेरच्या काळातलं एक चित्र काढलं आहे. त्यात टपालगाडी घोड्यांशिवाय, आगगाडीच्या सपाट डब्यावर चढवून नेली जातेय. आपल्याकडे योगायोगाने त्याच १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि मुंबई–पुणे वाट चाकांच्या वाहनांना मोकळी झाली. पुढे घाटात रेल्वे आली आणि त्या वाटेवरच्या घोड्यांचे टप्पेही थंडावले. खुद्द मुंबईत मात्र घोडा शहराची चाकं ओढत राहिला. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती १९०५पर्यंत चालली.

आता रांगोळीचं. पोलार्डचे घोडे जसेच्या तसे उचलू नका. पायांची बाब बाजूला ठेवली तरी दोन गोष्टी खटकतील. पहिली शेपटी. त्या काळी इंग्लंडमध्ये गाडीच्या घोड्यांच्या शेपट्या हाडासकट कापून आखूड करण्याची रीत होती, कारण लांब शेपटी लगामात अडकते असं मानलं जाई. ब्रिटनमध्ये ही रीत कायद्याने थांबली ती १९४९ साली. तुमच्या चित्रात शेपट्यांचे झुबके ठेंगणे दिसत असतील तर ते यामुळे. शेपटी छाटलेला घोडा चिमाजी आप्पांच्या स्वाराखाली दिसला तर जाणकार लगेच हटकेल. दुसरी गोष्ट बांधा. इंग्रजी शर्यतीचा घोडा उंच, लांब पायांचा, बारीक तोंडाचा. तो अरबी आणि तुर्की नरांपासून इंग्लंडमध्ये वाढवलेला. मराठ्यांची भिस्त होती ती भीमाथडीच्या चणीने लहान, काटक, कमी चाऱ्यावर लांब मजल मारणाऱ्या तट्टांवर. भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अलीकडे नोंदही झाली आहे. हा घोडा डोळ्यांनी पाहायचा असेल तर सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडजवळच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जा. तिथल्या घोडेबाजारात चाल दाखवायला घोडे पळवतात. एका बाजूला उभं राहून फक्त खुरांकडे पाहत राहा.

पायांसाठी माझा सल्ला असा. सगळे घोडे एकाच अवस्थेत काढू नका. दूरच्या रांगेतले दोन-चार घोडे जुन्या पद्धतीने पाय पसरलेले ठेवा, वेग जाणवेल. पुढचा मोठा घोडा, ज्याच्यासमोर लोक उभे राहणार आहेत, तो मात्र खऱ्या अवस्थेत काढा. मागचा एक पाय टेकलेला, दुसरा टेकायच्या बेतात, मान पुढे, आयाळ उलटी उडालेली. यात जोर दिसतो आणि अचूकपणाही सांभाळला जातो. इतिहासाचाही थोडा विचार करा. १७३९ साली वसईचा किल्ला पडला तो सुरुंगांनी बुरूज उडवून आणि पायी हल्ला चढवून. तेव्हा घोडे तटावर न चढवता बाहेरच्या मोकळ्या माळावर ठेवलेत तर बरं.

शरीररचनेची मुळीच फिकीर न करणारी एक थोर घोडेकलाही आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांच्या लग्नाच्या चौकात पंचशिऱ्या देव घोड्यावर बसलेला असतो. तो घोडा त्रिकोण आणि रेषांचा असतो, पाय काड्यांचे. तो खरा पळतो की नाही असं कुणी विचारत नाही, कारण तो देवाला घेऊन आलेला असतो. तुमची रांगोळी वास्तवदर्शी आहे म्हणूनच तुम्हाला हा प्रश्न पडला.

रांगोळी पाहायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगेल : घोड्याचे दोन पाय वर असले तर स्वार लढाईत मेला, एक वर असला तर जखमेने, चारही जमिनीवर असले तर नैसर्गिक मरण. हा नियम कुठल्याही शिल्पशास्त्रात नाही. मुंबईच्या काळ्या घोड्याचंच बघा. प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांचा, जोसेफ एडगर बोम यांनी घडवलेला हा पुतळा १८७९ साली उभा राहिला, तर एडवर्ड वारले १९१० साली. जिवंत माणसाच्या मरणाची खूण शिल्पकार आधीच कशी कोरणार? शिवाजी महाराजांचं निधन १६८० साली रायगडावर आजारपणात झालं, आणि पुढचे दोन्ही पाय उचललेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे महाराष्ट्रभर आहेत. पाय किती उचलायचे हे शिल्पकार तोल आणि डौल पाहून ठरवतो.

चित्राचं वय. पोलार्डची चित्रं लोकप्रिय होती ती अ‍ॅक्वाटिंट या छपाईमुळे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरतात, अगदी तुमच्या चिमटीतून रांगोळी पडते तशी, आणि पत्रा तापवून ती चिकटवतात. मग आम्लात बुडवलं की भुकटीच्या कणांमधली मोकळी जागा तेवढी खाल्ली जाते. त्या खाचांत शाई धरते आणि कागदावर मऊ छटा उमटते. रंग नंतर हाताने भरत. म्हणून खऱ्या जुन्या चित्राची पहिली खूण भिंगाखाली सापडते. सराफाकडचं दहापट भिंग मागून आणा आणि आकाशाचा भाग पाहा. बारीक, वेडीवाकडी, जाळीसारखी कणी दिसली तर आशेला जागा आहे. सरळ रांगांत, ठरावीक अंतरावर एकसारखे ठिपके दिसले, तर ती फोटोवरून केलेली नंतरची छपाई. असे ठिपके १८८०च्या दशकानंतरचे. वेगवेगळ्या रंगांचे अनियमित ठिपके एकमेकांवर चढलेले असतील तर ते रंगीत शिळाछाप. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या जुन्या देवादिकांच्या चित्रावर भिंग धरलंत तर असेच ठिपके दिसतील. हाताने भरलेला रंग कुठेतरी रेषेबाहेर गेलेला असतो. घोड्याच्या लगामापाशी आणि चाकांच्या आऱ्यांपाशी शोधा, घाईत काम करणाऱ्याचा कुंचला तिथेच घसरतो.

दुसरी खूण पत्र्याचा दाब. पत्रा ओल्या कागदावर जोराने दाबला जातो, म्हणून चित्राभोवती चौकोनी खळगा राहतो. बोटाने चाचपता येतो. कधी कडा कापलेल्या असल्या तर तो गेलेला असतो. तिसरी खूण कागद. फ्रेममधून काढून खिडकीसमोर धरा. व्हॉटमन या इंग्रजी कागदगिरणीचं नाव आणि साल जलचिन्हात दिसलं, तर चित्र त्या सालाआधीचं नाही एवढं नक्की ठरतं. नंतरचं असू शकतं, कारण जुने पत्रे पुढे पुन्हा पुन्हा छापले गेले. गाड्या बंद पडल्यावर इंग्रजांना त्या काळाची ओढ लागली आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांपासून जेवणाच्या टेबलावरच्या चटयांपर्यंत ही चित्रं छापली गेली. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या टपालगाड्यांपैकी बहुसंख्य नंतरच्या नकला असतात.

कागदावरच्या तपकिरी डागांवर मात्र भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत चार पावसाळ्यांत चांगल्या कागदावरही तसे डाग येतात, आणि चहाच्या पाण्यानेही आणता येतात. जुनी फ्रेम आणि गंजलेले खिळेही पुरावा नव्हेत. फ्रेम नुसती बदलून लावता येते.

चित्र खरं निघालं तर तुमच्याकडे मानाच्या संग्रहांतल्या चित्रांचं भावंड आहे. अमेरिकेतल्या पॉल मेलन यांनी १९३६ साली स्टब्जचा ‘पम्पकिन’ घोडा विकत घेतला आणि तिथून त्यांचा ब्रिटिश चित्रांचा संग्रह सुरू झाला. तो आता येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पेशवाईतल्या पुण्यात इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटसाठी चित्रं काढणाऱ्या गंगाराम तांबटांची चित्रंही तिथेच आहेत, त्यांत १७९० साली पाहिलेला पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा आहे. घोडा आणि गेंडा दोन्ही संगणकावर मोठे करून पाहता येतात. गंगारामांची रेषा बघाच, तुमच्या कामी येईल.

राहता राहिली बहिणीची भेट. १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष मानली जाते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मूळची परदेशी असली तरी इथून पाठवताना हीच अडचण येऊ शकते. चित्र नक्कल निघालं तर अडचण नाही, पण कस्टममध्ये जुनाट दिसणाऱ्या फ्रेमवरून प्रश्न विचारले जातात. म्हणून पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबईतल्या कार्यालयात चित्र दाखवा आणि ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. दाखला मिळाला तर तो चित्रासोबतच ठेवा. नाही मिळाला, तर चित्र जूचंद्रलाच भिंतीवर राहू द्या, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, काचेला कागद टेकणार नाही अशा बेताने. बहिणीला रांगोळीचा मोठा फोटो पाठवा.